एका छताखालचे चार ग्रंथ : कस्तुरबा गांधी मार्ग आणि सामायिक मूल्यांचा प्रश्न

दुभंगलेल्या समाजात सामायिक मूल्ये कशी संभवतात, हा प्रश्न सामान्यतः दोन रीतींनी सोडवला जातो. एक रीत समान मूळ शोधण्याची. सर्व धर्मांचे आणि पंथांचे सार एकच आहे असे दाखवून त्यांच्यातील भेद वरवरचे ठरवावयाचे. दुसरी रीत शेजाराची. भेद मान्य करून प्रत्येकाला आपापली जागा नेमून द्यावयाची आणि कोणी कोणाच्या अंगणात पाऊल टाकू नये अशी व्यवस्था लावावयाची. दोन्ही रीतींना प्रतिष्ठा आहे आणि दोन्हींचा उपयोगही झालेला आहे. तथापि पहिल्या रीतीत ज्याचे वेगळेपण वरवरचे ठरते त्याचे मत कोणी विचारलेले नसते, आणि दुसरीत ज्याला अंगणच नाही तो हिशेबातून गळतो. महात्मा फुले यांच्यापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपर्यंतच्या मराठी समाजचिंतनात याहून वेगळ्या अशा तिसऱ्या रीतीची चिन्हे आढळतात. त्यांचा परामर्श घेताना प्रस्तुत विवेचनात नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग हा रस्ता आधाराला घेतला आहे. त्याचा स्थलेतिहास लिहिणे हा येथे हेतू नाही. हा प्रश्न ज्या तीन-चार रूपांत उभा राहतो, ती सर्व रूपे या एका रस्त्यावर योगायोगाने जवळजवळ आलेली आहेत, एवढेच या निवडीचे कारण.

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा हा मार्ग पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. लॉर्ड कर्झन हे १८९९ ते १९०५ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी निर्णय म्हणजे १६ ऑक्टोबर १९०५ रोजी अमलात आलेली बंगालची फाळणी. ती १९११ च्या दिल्ली दरबारात रद्द करण्यात आली, आणि त्याच दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा झाली. म्हणजे नवी दिल्ली हे नगर आणि कर्झन यांच्या फाळणीचा अंत या दोहोंची घोषणा एकाच दिवसाची. राजधानीच्या स्थलांतराला कर्झन यांचा विरोध होता. तरीही नव्या राजधानीतील एका प्रशस्त रस्त्याला त्यांचे नाव लाभले. साम्राज्याच्या नामकरणात अशा विसंगतींचे कोणाला फारसे वावडे नसावे. स्वातंत्र्यानंतर त्या नावाच्या जागी कस्तुरबांचे नाव आले. समाजाची विभागणी प्रशासनाच्या सोयीने करणाऱ्या शासकाचे नाव पुसले गेले आणि समाजातील विभागणी आपल्या स्वयंपाकघरात, विहिरीवर आणि देवळाच्या दारात प्रत्यक्ष अनुभवलेल्या एका स्त्रीचे नाव तेथे लागले. नामांतर करणाऱ्यांच्या मनात हा विरोध होता किंवा नाही, याला येथे महत्त्व नाही.

शेजाराच्या रीतीचे एक सुबक प्रतिरूप या मार्गावर उभे आहे. ब्रिटिश कौन्सिलची इमारत चार्ल्स कोरिया यांनी रचली आणि ती १९९२ मध्ये पूर्ण झाली. कोरिया हे मूळ गोव्याच्या घराण्यातील. त्यांची कर्मभूमी मुंबई, आणि पुण्यातील 'आयुका'चे संकुलही त्यांचेच. दिल्लीच्या या इमारतीत प्रवेशद्वारापासून मागच्या भिंतीपर्यंत एक सरळ अक्ष जातो. त्या अक्षावर तीन प्रतीके मांडलेली आहेत. सर्वांत मागे हिंदू विश्वकल्पनेतील बिंदू, सर्पिल रेषेच्या रूपाने. मध्यभागी इस्लामी परंपरेतील चारबाग. आणि पुढे युरोपीय प्रबोधनयुगाचे, बुद्धिवादाचे चिन्ह. दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचे भित्तिशिल्प आहे. वडाच्या झाडाची सावली भिंतीवर पडावी तसे ते काळ्या कडप्प्यात आणि पांढऱ्या मकराणा संगमरवरात घडविले आहे. मराठी घरात ओट्याला बसविला जाणारा कडप्पा येथे तीन संस्कृतींवर छाया धरणाऱ्या वटवृक्षाला लाभला आहे, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाच्या ध्यानात आल्याशिवाय राहत नाही.

ही रचना देखणी आहे आणि तिच्यातील उदारता खोटी नाही. परंतु ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणे आवश्यक आहे. तिन्ही विश्वदृष्टी एका अक्षावर आहेत, पण कालक्रमाने. एक संपते तेथून दुसरी सुरू होते, एकीचे दुसरीशी काही बोलणे होत नाही. बौद्ध परंपरेला, भक्तिपरंपरेला, ज्यांना मंदिराच्या आणि बागेच्या दोन्ही भिंतींबाहेर ठेवले गेले त्यांच्या अनुभवाला, या अक्षावर बिंदू नाही. एका इमारतीने सर्व काही सामावून घ्यावे अशी अपेक्षा अर्थातच अन्यायाची ठरेल. मुद्दा इतकाच की संस्कृतींची शेजारी-शेजारी मांडणी केल्याने त्यांच्यात राहणाऱ्या माणसांमध्ये काही सामायिक आहे असे सिद्ध होत नाही. ज्याला तेथे बिंदू नाही तो येथेही बाहेरच राहतो.

याच प्रश्नाला मराठीत याआधी शंभर वर्षे एक वेगळे उत्तर दिले गेले होते. महात्मा जोतीराव फुले यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका कुटुंबाची कल्पना आहे. घरातील स्त्रीने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचावा आणि तिला पटल्यास तो धर्म स्वीकारावा. तिच्या पतीने बायबलचे दोन्ही करार वाचून ख्रिस्ती व्हावे. कन्येने कुराण वाचून मुसलमान व्हावे. पुत्राने सार्वजनिक सत्यधर्म वाचून सत्यधर्मी व्हावे. आणि या चौघांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा अथवा द्वेष न करता, आपण सारे एका निर्मिकाची लेकरे आहोत असे जाणून एका घरात प्रेमाने नांदावे. सत्यशोधक समाजाची स्थापना होऊन (१८७३) तेव्हा सुमारे दीड तप लोटले होते. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर फुल्यांनी हा ग्रंथ डाव्या हाताने लिहिला, हे सर्वश्रुत आहे.

या कल्पनेतील तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या. पहिली, चौघांचे धर्म जन्माने आलेले नाहीत, वाचनाने आलेले आहेत. ग्रंथ हाती घेणे, तो पारखणे आणि मग स्वीकारणे हा क्रम आहे, आणि त्या क्रमात पहिले नाव स्त्रीचे आहे. दुसरी, चौघांना एकत्र ठेवणारी वस्तू चार ग्रंथांतील समान सार ही नव्हे. तसे सार काढण्याचा खटाटोप फुले करीत नाहीत. एकत्र ठेवणारी वस्तू घर आहे, एकमेकांशी वागण्याची रीत आहे. तिसरी गोष्ट अधिक कठोर आहे. चौघांपैकी कोणाच्याही हाती वेद नाहीत. फुल्यांच्या एकंदर विचाराच्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट अनवधानाने घडली असे मानता येत नाही. जन्मावरून माणसाची प्रतिष्ठा ठरविणाऱ्या शास्त्राला या घरात प्रवेश नाही. म्हणजे घर सर्वांसाठी खुले आहे, पण विनाअट खुले नाही. माणसामाणसांतील समतेची अट पाळणाऱ्यांनाच येथे एकमेकांहून वेगळे राहण्याची मोकळीक आहे. कोरिया यांच्या अक्षावर जे शेजारी आहेत, ते फुल्यांच्या घरात एका ताटाचे वाटेकरी होतात. आणि ताट एक झाले की प्रश्न अवघड होतो.

ताटाचा आणि पाण्याचा हा प्रश्न कस्तुरबांच्या आयुष्यात तीन वेळा ठळकपणे उभा राहिला. तिन्ही प्रसंगांची माहिती प्रामुख्याने गांधीजींच्या आणि त्यांच्या निकटवर्तीयांच्या लेखणीतून मिळते. कस्तुरबांनी स्वतः आत्मवृत्त लिहिले नाही. त्यांच्या मनातले जे काही समजते ते दुसऱ्याने सांगितलेले असते, ही मर्यादा वाचकाने लक्षात ठेवणे इष्ट.

पहिला प्रसंग दरबानचा, १८९८ च्या सुमाराचा. गांधींच्या घरात त्यांच्या वकिली कचेरीतील कारकून राहत असत. खोल्यांना मोरी नव्हती, त्यामुळे प्रत्येक खोलीत मूत्रपात्र ठेवलेले असे आणि ते साफ करण्याचे काम नोकरांऐवजी पती-पत्नीने करावे असा गांधींचा नियम होता. त्यांतील एक कारकून धर्माने ख्रिस्ती, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या पंचम आईबापांच्या पोटी जन्मलेला. त्याचे पात्र उचलणे कस्तुरबांना सोसवेना. पतीने उचलावे हेही सोसवेना. त्या रडत रडत ते घेऊन जिना उतरल्या. गांधींना एवढ्याने समाधान नव्हते. हे काम हसतमुखाने झाले पाहिजे होते. शब्दाला शब्द वाढला आणि गांधींनी त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. कस्तुरबांनी त्यांना जनलज्जेची आठवण करून दिली, तेव्हा ते भानावर आले. गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत आपल्या अपराधाची कबुली म्हणून सांगितला आहे.

या प्रसंगाचे वाचन बहुधा गांधींच्या आत्मशुद्धीच्या अंगाने केले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील पेच वेगळा आहे. मूल्य गांधींच्या बाजूला आहे, यात शंका नाही: कारकुनाच्या जन्मावरून त्याचे पात्र विटाळ होत नाही. परंतु ते मूल्य ज्या घरात पाळावयाचे त्या घरातील दुसऱ्या माणसाला ते मनगट धरून शिकविले जात आहे. समतेचा आग्रह धरणारा येथे पत्नीच्या बाबतीत समता विसरतो. आणि ज्याच्यावरून हे सारे घडले तो कारकून या कथेत एक शब्दही बोलत नाही. पात्र त्याचे, अपमान त्याचा, आणि वाद मात्र पती-पत्नीचा.

दुसरा प्रसंग १९१५ चा. मे महिन्यात अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाला आणि काही महिन्यांतच दुदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य कुटुंब तेथे राहावयास आले. अडचण सर्वांत आधी विहिरीवर आली. मोट हाकणाऱ्या माणसाने आश्रमवासीयांच्या बादलीचे थेंब अंगावर उडून आपण विटाळतो अशी तक्रार केली आणि शिवीगाळ सुरू केली. आश्रमाला मिळणारी आर्थिक मदत थांबली. पैसा संपत आला असताना एका शेठजींनी तेरा हजार रुपये आणून दिले आणि आश्रम वाचला. या बाहेरच्या संकटापेक्षा आतले संकट सूक्ष्म होते. कस्तुरबांसह आश्रमातील स्त्रियांना या कुटुंबाचे येणे रुचले नव्हते, असे गांधींनीच लिहून ठेवले आहे. उघड विरोध नव्हे, एक उदासीनता. वाढताना, बोलताना जाणवणारी. ती हळूहळू गेली. लक्ष्मीला पुढे गांधींनी मुलगी मानले आणि ती आश्रमाची होऊन वाढली. यावेळी फाटकापर्यंत कोणाला ओढत नेले गेले नाही. रोजच्या पंगतीने, दळणाकांडणाने आणि एका मुलीच्या सहवासाने जे घडावयाचे ते घडले.

या गोष्टीला एक तप उलटल्यावर, मार्च १९२७ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. कोचरबच्या विहिरीवरील मोटकऱ्याची तक्रार आणि महाडच्या स्पृश्यांनी नंतर केलेले तळ्याचे शुद्धीकरण यांमागील समजूत एकच आहे. फरक असा की कोचरबला पाण्याचा प्रश्न एका आश्रमाच्या चांगुलपणाने सोडविला गेला. महाडला ज्यांचा तो प्रश्न होता त्यांनी तो आपल्या हक्काचा म्हणून मांडला आणि पाण्यासोबत माणुसकी मागितली.

तिसरा प्रसंग १९३८ चा. ओरिसात पुरीजवळ देलांग येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन होते. जगन्नाथाचे मंदिर हरिजनांना बंद असल्याने आपण तेथे जावयाचे नाही, असा गांधींचा नेम होता. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या पत्नी दुर्गाबेन दर्शनाला गेल्या आणि आत जाऊन आल्या. गांधींना याचा जबर धक्का बसला. परंतु दोष त्यांनी स्त्रियांवर ठेवला नाही. आपण आणि महादेवभाई यांनी त्यांना ही गोष्ट नीट समजावून दिली नाही, असे म्हणून तो त्यांनी स्वतःकडे घेतला. दरबानचे फाटक आणि पुरीचे महाद्वार यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात कस्तुरबा खूप बदलल्या होत्या, तुरुंगात गेल्या होत्या, लक्ष्मीला त्यांनी आपली म्हटले होते. आणि तरीही जगन्नाथाची ओढ त्यांना त्या दारातून आत घेऊन गेली. यात ढोंग मुळीच नव्हते. दोन निष्ठा एकाच मनात प्रामाणिकपणे नांदत होत्या आणि एका विशिष्ट दारात त्या एकमेकींच्या आड आल्या.

आंबेडकरांची गांधीमार्गावरील टीका नेमकी येथे लागू पडते. स्पृश्यांच्या हृदयपरिवर्तनावर अस्पृश्यांचा हक्क अवलंबून ठेवता येणार नाही, हा तिचा गाभा. ज्या बाईचे अंतःकरण गांधींच्या इतके निकट घडत होते तिला चाळीस वर्षे पुरली नाहीत, तर गावगाड्याला किती पुरतील, असा प्रश्न कस्तुरबांबद्दलचा आदर यत्किंचितही कमी न करता विचारता येतो. घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, जे आज सतरावे म्हणून ओळखले जाते. त्याने कोणाच्याही हृदयाची वाट पाहिली नाही.

परंतु आंबेडकर केवळ कलमापाशी थांबले नाहीत, आणि ही बाब अनेकदा नजरेआड होते. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत मांडल्या गेलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात स्वातंत्र्य होते, न्याय होता, समता होती. बंधुता हा शब्द नव्हता. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा समितीने संविधानाचा मसुदा सादर केला, तेव्हा उद्देशिकेत तो आला. २१ फेब्रुवारीच्या पत्रात अध्यक्ष या नात्याने आंबेडकरांनी त्याचे कारण दिले आहे : बंधुभावाची आणि सद्भावाची गरज देशाला यापूर्वी कधी नव्हती इतकी आता आहे, असे समितीला वाटले. दिल्लीत गांधींचा खून होऊन तेव्हा पुरते चार आठवडेही झाले नव्हते. निर्वासितांच्या छावण्या शहरात होत्या. समितीने बंधुतेला व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी आणि राष्ट्राच्या एकतेशी जोडले, आणि या दोहोंत प्रतिष्ठेचा उल्लेख आधी केला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना परस्परांपासून वेगळे काढता येणार नाही असे बजावले, आणि पुढे १९५४ मधील आकाशवाणीवरील भाषणात ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली असल्याचे सांगितले. फुल्यांच्या घरातील स्त्रीच्या हाती जो ग्रंथ होता, त्याच परंपरेकडे मराठी विचार येथे पुन्हा वळलेला दिसतो.

बंधुतेसाठी न्यायालयात दाद मागता येईल असे स्वतंत्र कलम मात्र नाही. सतराव्या कलमाचा भंग केल्यास शिक्षा आहे. शेजाऱ्याविषयी उदासीन राहिल्यास नाही. कायदा जेथे संपतो तेथून कोचरबच्या पंगतीचे काम सुरू होते, आणि पंगत जेथे अपुरी पडते तेथे कायदा लागतो. गांधी आणि आंबेडकर यांतील एकाची निवड करण्याच्या हट्टाने या परस्परावलंबनाकडे दुर्लक्ष होते.

कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ पासून महाराष्ट्राचे नवे सदन उभे आहे. मराठी माणसाचे राजधानीतील हे अधिकृत घर. या घरात कोणाची शिल्पे कोठे असावीत, हा वाद २०२३ च्या मे महिन्यात उद्भवला. सावरकर जयंतीच्या कार्यक्रमासाठी सावित्रीबाई फुले आणि अहिल्याबाई होळकर यांचे पुतळे हलविल्याचा आक्षेप घेतला गेला आणि त्यावर राज्यात बरीच चर्चा झाली. पुतळ्यांचे वाद दुर्लक्षणीय नसतात. परंतु ते शेजाराच्या रीतीतील, कोणाचा बिंदू अक्षावर कोठे, या स्वरूपाचे असतात. घराची खरी कसोटी त्याआधी, जुलै २०१४ मध्ये, त्याच सदनाच्या भोजनव्यवस्थेत लागलेली होती.

सदनातील जेवणाच्या दर्जाविषयी महाराष्ट्रातील खासदारांच्या तक्रारी होत्या. शिवसेनेचे काही खासदार जाब विचारण्यासाठी गेले असता त्यांच्यापैकी एकाने भोजनव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबली. महिना रमजानचा होता आणि तो कर्मचारी रोजा धरलेला मुसलमान होता. चित्रफीत दूरचित्रवाणीवर आली, संसदेत गदारोळ झाला. त्याचा रोजा असल्याचे आणि तो मुसलमान असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, राग चपातीच्या दर्जाचा होता, असे स्पष्टीकरण दिले गेले आणि भावना दुखावल्याबद्दल खेदही व्यक्त झाला.

या घटनेची चर्चा तेव्हा जवळजवळ पूर्णपणे धर्मभावनेभोवती फिरली. रोजा मोडला की नाही, हेतू होता की नव्हता. ती चर्चा अस्थानी नव्हती, परंतु अपुरी होती. तो माणूस हिंदू असता, रोजा धरलेला नसता, तरीही ताबेदारीत काम करणाऱ्याच्या तोंडात त्याच्या इच्छेविरुद्ध घास कोंबला गेलाच होता. उद्देशिकेने एकतेच्या आधी जिचे नाव घेतले ती व्यक्तीची प्रतिष्ठा आधी दुखावली, रोजा त्यानंतर. दरबानच्या कारकुनाप्रमाणे हा कर्मचारीही स्वतःवरून उठलेल्या वादात जवळपास निःशब्दच राहिला.

स्पष्टीकरणाचा दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. ठाऊक नव्हते, हे विधान खरे मानले तरी ते प्रश्न मिटवीत नाही. जो माणूस रोज आपल्या जेवणाची व्यवस्था पाहतो तो या महिन्यात दिवसभर उपाशी राहतो, हे त्याच घरात उतरणाऱ्यांना ठाऊक नसावे, याचा अर्थ ते घर अद्याप वसतिगृह आहे. फुल्यांच्या घरात आईच्या हाती बौद्ध ग्रंथ आहे हे मुलीला माहीत आहे, मुलीच्या हाती कुराण आहे हे बापाला माहीत आहे. आणि रमजानात त्या घरी सूर्यास्ताच्या वेळी चूल कोणासाठी पेटवावयाची, हे चौघांनाही विचारावे लागत नाही.